झुरळांचा शृंगार : एका वैरभावी वाचनाचा इतिहास

एम. ए. च्या वर्गात रसाभासाचे प्रकरण शिकवताना दरवर्षी थोडीफार हशा पिकते. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त शृंगारातील अनौचित्याची जी यादी दिली आहे, तीत गुरुपत्नीविषयीची रती आहे, एकतर्फी रती आहे, अधम पात्रांची रती आहे आणि तिर्यग्योनीतील प्राण्यांची, म्हणजे पशुपक्षी-कीटकांची रतीही आहे. या ठिकाणी शृंगार 'रस' होत नाही, त्याचा केवळ आभास होतो, असे चौदाव्या शतकातील या आचार्याचे म्हणणे. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मग 'कुमारसंभवा'च्या तिसऱ्या सर्गातल्या भुंग्याचे काय? तो तर प्रियेबरोबर एकाच फुलातून मध पितो." प्रश्न चांगला होता. मी उत्तराची जुळवाजुळव करीत असतानाच मागच्या बाकावरून आवाज आला, "आणि झुरळाचे काय, सर?" वर्ग हसला. मीही हसलो. "झुरळाला स्थायिभाव नसतो," असे काहीतरी म्हणून पुढे गेलो.

ते उत्तर मला नंतर बराच काळ टोचत राहिले. ज्या विषयातले एक पानही आपण वाचलेले नाही, त्यावर आपण निकाल दिला आणि तोही हशाच्या आधाराने. साहित्याच्या अध्यापकाला हे शोभत नाही. म्हणून मी त्या विषयात शक्य तेवढे वाचले. जे हाती लागले तो कीटकशास्त्राचा इतिहास होता खरा; पण त्याच वेळी तो वाचन म्हणजे काय याचाही इतिहास होता. त्याची ही मांडणी.

प्रथम भाषेचा साक्षीपुरावा पाहू. मराठीत भुंगा पुल्लिंगी, मुंगी व माशी स्त्रीलिंगी. झुरळ मात्र नपुंसकलिंगी. 'ते' झुरळ. व्याकरणातील लिंग आणि निसर्गातील लिंग यांचा संबंध बहुधा योगायोगाचाच असतो, हे मान्य. तरीही भ्रमराला काव्यात हजारो वर्षे प्रियकराची जागा मिळाली आणि झुरळाला स्वयंपाकघराच्या मोरीपलीकडे जागा मिळाली नाही, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. आधुनिक साहित्यात झुरळ आले तेही किळस, एकाकीपण किंवा परात्मता यांचे वाहन म्हणून. काफ्काच्या 'मेटामॉर्फोसिस'मधील (१९१५) ग्रेगोरला आपण सरसकट झुरळ समजतो. तो भुंगेऱ्याच्या जातीचा असावा, असा नाबोकोवने आपल्या व्याख्यानांत आग्रह धरला होता. ब्राझीलच्या क्लारिस लिस्पेक्तोरच्या १९६४ च्या कादंबरीत मात्र खरोखरीचे झुरळ केंद्रस्थानी आहे. तेथेही ते एका स्त्रीच्या आत्मशोधाचे निमित्त आहे. झुरळाचे स्वतःचे काही चालू असेल, ही शंका साहित्याला फारशी आलेली दिसत नाही.

ती शंका आली ती सैन्याच्या कोठारवाल्यांना.

अमेरिकी सैन्यात अन्नधान्य, कपडेलत्ते आणि इतर पुरवठा पाहणारा क्वार्टरमास्टर विभाग आहे. कोठारातील अन्नाचा पहिला शत्रू म्हणजे झुरळ. शत्रूचा नायनाट करायचा तर त्याच्या सवयी ठाऊक हव्यात, या हिशेबाने या विभागाच्या प्रयोगशाळेत झुरळांचा अभ्यास सुरू झाला. लुई रॉथ आणि एडविन विलिस या दोघा कीटकशास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये झुरळांच्या वर्तनावरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. झुरळांच्या प्रियाराधनाकडे सलग आणि बारकाईने पाहणाऱ्या लेखनातला तो पायाभूत ग्रंथ मानला जातो.

त्यांनी जे पाहिले ते असे. आपल्या घरांत सर्रास आढळणारे छोटे, फिकट तपकिरी झुरळ, शास्त्रज्ञांच्या भाषेत 'जर्मन झुरळ', यातील नर व मादी समोरासमोर आली की प्रथम मिशांना मिशा भिडतात. या मिशांना आपल्या पाठ्यपुस्तकांत 'शृंगिका' म्हणतात. तलवारबाजीचा सराव चालावा तशी ही शृंगिकांची झटापट चालते. मग नर अर्धवर्तुळ फिरून मादीकडे पाठ करतो आणि पंख सरळ वर उभारतो. पाठ उघडी पडते. त्या पाठीवर काही ग्रंथी असतात, त्यांतून एक स्राव येतो. मादी त्याच्या पाठीवर चढते आणि तो स्राव चाखू लागते. ती चाखण्यात गुंतलेली असताना नर किंचित मागे सरकतो, पोटाचे टोक लांबवून तिला पकडतो. पकड बसली की दोघे विरुद्ध दिशांना तोंडे करून टोकाला टोक जोडलेल्या अवस्थेत राहतात. हा समागम तास-दीड तासही चालतो.

येथे एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. मादीची शृंगिका वेगळी काढून तिचा नुसता स्पर्श नराच्या शृंगिकेला करवला, तरीही नर वळतो आणि पंख उभारतो. म्हणजे नराला जे 'कळते' ते मादीच्या अंगावरील कसल्यातरी द्रव्यातून, स्पर्शाने कळते. ते द्रव्य कोणते, हे जपानमधील रित्सुओ निशिदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले. मादीच्या त्वचेवरील मेणासारख्या थरातले ते एक लांब साखळीचे रसायन आहे. विश्वनाथाने शृंगार शब्दाची फोड करताना 'शृंग' म्हणजे मन्मथाचा उद्भेद, कामाचे अंकुरणे, असा अर्थ दिला आहे. शृंगिका हा शब्द घडवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे केवळ शिंग असणार. पण शब्द काही वेळा त्यांच्या कर्त्यांपेक्षा अधिक जाणतात.

स्पर्शाआधी गंध येतो. आणि या कथेतील सर्वांत बोधप्रद प्रकरण गंधाचेच आहे.

रॉथ आणि विलिस यांनी मोठ्या तांबड्या झुरळाचाही, म्हणजे 'अमेरिकन झुरळा'चाही, अभ्यास केला होता. समागम न झालेल्या माद्या ज्या गाळण-कागदावर ठेवल्या होत्या तो कोरा कागद नरांपुढे ठेवला, तर नर त्या कागदाभोवती पंख फडफडवीत धावू लागतात, असे त्यांना दिसले. कागदावर काही अक्षर नव्हते. होता तो गंध. पुढे १९५९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुटेनांट यांनी रेशमाच्या पतंगाच्या सुमारे ५ लाख माद्यांपासून असे पहिले आकर्षक द्रव्य ओळखून काढले आणि त्याच वर्षी अशा द्रव्यांना 'फेरोमोन' हे नावही मिळाले. मग सर्वांचे लक्ष झुरळाच्या गंधाकडे वळले. हेतू उघड होता : हा गंध बनवता आला, तर त्याचे आमिष लावून नरांना सापळ्यात ओढता येईल. प्रेमपत्राची भाषा शिकायची, ती खोटे प्रेमपत्र लिहिता यावे म्हणून.

१९६३ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातील जेकबसन, बेरोझा आणि यामामोतो यांनी 'सायन्स' या नियतकालिकात जाहीर केले की अमेरिकन झुरळाच्या गंधद्रव्याची रचना उकलली. सुमारे १०,००० माद्यांवरून ९ महिने हवा सोडून, त्या हवेतील गंध थंडीने गोठवून १२.२ मिलिग्रॅम शुद्ध द्रव्य मिळवल्याचे त्यांनी लिहिले होते. लगोलग इतर रसायनशास्त्रज्ञांनी त्या रचनेबरहुकूम द्रव्य तयार केले आणि ते नरांपुढे ठेवले. नर जागचे हलले नाहीत. १९६५ मध्ये मूळ संशोधकांना आपली रचना चुकल्याचे मान्य करावे लागले.

साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रसंग फार ओळखीचा वाटेल. हस्तलिखित जीर्ण, अक्षरे पुसट, संपादक उतावीळ. त्याने एक पाठ निश्चित केला, प्रस्तावनेत तसे ठासून लिहिले आणि पाठ चुकला. फरक एवढाच की आपल्याकडे चुकीचा पाठ पिढ्यान्पिढ्या वर्गात शिकवता येतो. येथे मात्र ज्याच्यासाठी मजकूर लिहिला गेला होता तो वाचक समोर हजर होता आणि त्याने नुसते स्तब्ध राहून संपादकाला खोटे पाडले.

खरा पाठ हाती लागायला आणखी दशकभर लागले. हॉलंडमधील पर्सून्स, रिटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात सुमारे ७५,००० माद्यांपासून दोन द्रव्ये वेगळी केली. त्यांची नावे पेरिप्लॅनोन-ए आणि पेरिप्लॅनोन-बी. पैकी 'बी'चे वजन भरले २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिठाच्या तीन-चार कणांएवढे. 'ए' तर त्याच्या दशांशच. एवढ्याशा ऐवजावरून त्यांनी रचनेचा आराखडा मांडला. १९७९ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील क्लार्क स्टिल यांनी त्या आराखड्यात बसणारी रूपे प्रयोगशाळेत घडवली आणि नैसर्गिक द्रव्याशी त्यांतील नेमके कोणते जुळते हे ठरले. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ही संश्लेषणाची कथा आजही शिकवली जाते. ग्रॅमचा लक्षकोट्यंश भाग एवढे अल्प द्रव्यही नराला चाळवायला पुरते, असे आढळले आहे. 'अल्पाक्षरत्व' हा गुण सांगताना आपण सूत्रवाङ्मयाचे दाखले देतो. हाही एक दाखला होऊ शकेल.

छोट्या जर्मन झुरळाच्या बाबतीत तर अनेक वर्षे समज असा होता की त्याच्या मादीला दुरून साद घालण्याची गरजच नाही. सगळे जवळपास राहतात, स्पर्शाने भागते. १९९० च्या दशकात कोबी शाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मादी विशिष्ट पवित्रा घेऊन, पंख उचलून व पोट लांबवून, गंध सोडते हे दाखवले. त्या गंधाची ओळख पटायला २००५ साल उजाडले. द्रव्य अत्यल्प आणि उष्णतेने बिघडणारे, त्यामुळे नेहमीच्या यंत्रांच्या हाती ते लागत नव्हते. शेवटी संशोधकांनी यंत्राला नराची शृंगिका जोडली. मादीच्या ग्रंथीतील द्रव्ये एकामागून एक यंत्रातून बाहेर पडताना ज्या क्षणी शृंगिकेत विजेचा स्पंद उठला, ते द्रव्य खरे. त्याला 'ब्लाटेलाक्विनोन' असे नाव मिळाले. पन्नास वर्षांच्या खटपटीनंतर माणसाने हे मान्य केले की हा मजकूर ज्याच्यासाठी लिहिला आहे त्याच्या मदतीवाचून आपल्याला तो वाचता येणार नाही.

येथवरची कथा कोणाला विजयाची वाटेल. पुढची तशी नाही.

१९८० च्या दशकात झुरळांवर फवारण्याऐवजी गोड आमिषात विष कालवून ठेवण्याची पद्धत रूढ झाली. आज आपल्याकडेही पेस्ट कंट्रोलवाले ओट्याच्या कोपऱ्यांत, कपाटांच्या बिजागऱ्यांपाशी जे मलमासारखे ठिपके लावून जातात, ते याच कुळातले. आमिषातील गोडी बहुधा ग्लुकोजची. काही वर्षे ते उत्तम चालले आणि मग अमेरिकेतील फ्लॉरिडात काही घरांतली झुरळे त्याला तोंड लावीनात. ज्यूल्स सिल्व्हरमन यांनी १९९३ मध्ये कारण दाखवले : ही झुरळे विषाला सरावली नव्हती, ती ग्लुकोजच टाळत होती आणि हा गुण आनुवंशिक होता. २०१३ मध्ये अयाको वादा-कात्सुमाता, सिल्व्हरमन आणि शाल यांनी त्यामागची यंत्रणा स्पष्ट केली. या झुरळांच्या जिव्हारी, म्हणजे मुखावयवांवरील रुचिपेशींत, असा बदल झाला होता की ग्लुकोज लागताच कडू चव ओळखणाऱ्या पेशी चेतत. गोड कडू झाले होते. ज्यांना ते कडू लागले ती जगली; ज्यांना गोड लागले ती मेली.

आता पुन्हा नराच्या पाठीकडे या. तेथील स्रावात जे पदार्थ असतात, त्यांत माल्टोज ही शर्करा आहे आणि मादीच्या लाळेत माल्टोजचे काही सेकंदांत ग्लुकोज होते. ज्या मादीला ग्लुकोज कडू लागते, तिच्या तोंडात प्रियकराची भेट कडू होते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हेच दिसले : अशी मादी पाठीवर चढते, चाखते आणि नराची पकड बसण्याआधीच उतरून जाते. माणसाने कोठारात ठेवलेले विष अशा रीतीने शयनगृहापर्यंत पोहोचले. आणखी एका वर्षाने, २०२३ मध्ये, याच गटाने पुढचा अंक सांगितला. ग्लुकोज टाळणाऱ्या कुळातील नरांच्या स्रावाचे मिश्रणच बदलले होते. लाळेत सहज ग्लुकोज न होणाऱ्या माल्टोट्रायोज या शर्करेचे प्रमाण वाढले होते. शिवाय हे नर नेहमीपेक्षा लवकर पकड घेऊ लागले होते, तोंड कडू होण्याआधी. अवघ्या काही दशकांत एका प्राण्याच्या प्रियाराधनाची रीत बदलली आणि तिच्या मुळाशी आपण ओट्याखाली ठेवलेला एक गोड ठिपका होता.

या संपूर्ण इतिहासात शब्दांची निवड मोठी मासलेवाईक आहे. नराच्या पाठीवरील स्रावाला शास्त्रज्ञ 'विवाहातील भेट' अशा अर्थाचा शब्द वापरतात. ही भेट आहे की सापळा? मादी खाण्यात गुंतते म्हणूनच पकड बसते. मग याला नजराणा म्हणावे की आमिष? आमिषच म्हटले, तर माणसाने झुरळासाठी वापरलेली युक्ती झुरळाने आधीच वापरलेली होती. 'प्रियाराधन', 'साद', 'भेट' हे सारे शब्द आपले आहेत, झुरळाचे नव्हेत. ते वापरताना आपण त्याला थोडे माणूस करतो. पण 'उद्दीपन', 'प्रतिक्रिया', 'स्राव' एवढ्यावरच थांबलो, तर ती मादी चाखते, थबकते आणि उतरून जाते, हे जे प्रत्यक्ष घडते त्यातले काहीतरी सुटते. रसाभासातील 'आभास' या शब्दाची खरी उपयुक्तता मला येथे जाणवते. आभास म्हणजे खोटेपणा नव्हे. रूप तर तेच, पण अधिकार आहे की नाही हे सांगता येत नाही, अशी ती अवस्था. विश्वनाथाने तिर्यग्योनीच्या रतीला यादीतून गाळले नाही, तिला जागा दिली, हे आपण शिकवताना विसरतो. त्याच यादीत 'अनुभयनिष्ठ' रतीही आहे, म्हणजे दोघांच्या मनात नसलेली. कडू घास चाखून उतरून जाणाऱ्या मादीपुढे पंख उभारून उभ्या राहिलेल्या नराला याहून नेमका शब्द रसायनशास्त्रातही सापडणार नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या भूगोलाशी निगडित आहे. 'जर्मन झुरळ' हे नाव लिनीअसने १७६७ मध्ये ठेवले. रशियात त्याला प्रशियन म्हणतात, जर्मनांनी त्याला रशियन म्हटले. नकोशा पाहुण्याचा गाव नेहमी दुसऱ्याचाच असतो. २०२४ मध्ये १७ देशांतील २८१ झुरळांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार हे झुरळ सुमारे २,१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमार या भागात आपल्या आशियाई आप्तांपासून वेगळे झाले, माणसाच्या घरात राहू लागले, सुमारे १,२०० वर्षांपूर्वी पश्चिमेकडे गेले आणि पुढे युरोपीय व्यापारी कंपन्यांच्या जहाजांतून जगभर पसरले. म्हणजे सातवाहनांच्या काळाच्या आसपास, महाराष्ट्री प्राकृतात घरादारांतल्या, शेताशिवारांतल्या प्रेमाच्या गाथा रचल्या जाऊ लागल्या त्या शतकांच्या आगेमागे, याच उपखंडाच्या परिसरातील कोणत्यातरी घरात हा प्राणीही मुक्कामाला आला असण्याचा संभव आहे. गाथांनी त्याची दखल घेतली नाही. ती घेतली दोन हजार वर्षांनी, एका परक्या सैन्याच्या कोठाराने.

हीच गोष्ट मला अस्वस्थ करते. सहृदय वाचक हा आपला आदर्श आहे. ज्याचे मन मजकुराशी समरस होते तोच खरा रसिक, असे आपण शिकतो आणि शिकवतो. आणि येथे पाहावे तर ज्यांना झुरळाविषयी तिळमात्र प्रेम नव्हते, ज्यांचा उघड हेतू त्याला मारण्याचा होता, त्यांनी त्याच्या मिशांची, पंखांची, गंधाची हालचाल अशा निष्ठेने वाचली की आपण आवडत्या कवीचीही तशी वाचत नाही. द्वेषाने वाचनाचा आरंभ होऊ शकतो. पण पन्नास वर्षे चिकाटीने वाचल्यावर तो द्वेष होता तसा राहतो का, याची मला शंका आहे. कोठाराच्या रक्षणासाठी कामाला लागलेल्या रॉथ यांचे नाव पुढे २००७ मध्ये झुरळांच्या निसर्गेतिहासावरील एका मोठ्या ग्रंथाच्या लेखकांत आहे. त्या ग्रंथाचा भर झुरळांच्या नायनाटावर नाही, त्यांच्या विविधतेवर आहे. जगातील सुमारे ४,५०० जातींपैकी माणसाला त्रास देणाऱ्या जेमतेम ३०. उरलेल्या रानात, पालापाचोळ्यात, कुजक्या लाकडात आपापले संसार करीत असतात.

मी झुरळप्रेमी झालेलो नाही. घरात पेस्ट कंट्रोलवाले येतात, ठिपके लावून जातात, आणि त्यांना मी चहा देतो. पण गेल्या वर्षी रसाभासाचे प्रकरण शिकवताना झुरळाचा प्रश्न मी स्वतःहून काढला आणि वरील हकीकत सांगितली. सुरुवातीला नेहमीप्रमाणे हसू आले. कडू घासाच्या प्रसंगापाशी वर्ग शांत झाला. तास संपल्यावर एक विद्यार्थी म्हणाला, "सर, म्हणजे त्या दोघांत आता आपणही आहोत." मी त्यावर काही बोललो नाही. मागच्या वेळी उत्तराची घाई केली होती, तेवढी पुरे.